मीटरचा कागद

साहेब, तुमच्या नोंदणी कचेरीच्या दारातल्या टायपिंगवाल्याकडे 'राजीखुशीने' हा शब्द आधीच टाइप केलेला असतो. माणूस नंतर येतो. तो राजी आहे का, खुशीत आहे का, हे बघायचं काम तुमचं. तुम्ही ते बघत नाही. तुम्ही शिक्का नीट उमटला का ते बघता. हे मी ऐकीव सांगत नाही. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या टेबलापासून दोन हातांवर उभी राहून बघितलेलं सांगते. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर 'ती एक कचेरी तसलीच आहे' म्हणून बाकीचे सगळे हात झटकून मोकळे होतील.

"वकील?"

शांतवीर गुरुजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला विचारलं, "मन्मथ, ही वकील म्हणाली का?"

मन्मथ खाली बघायला लागले. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण गुरुजींसमोर चौथीतला व्हायचा. याच गुरुजींनी त्यांना पाढे शिकवले होते, फी भरली नव्हती तेव्हा परीक्षेला बसू दिलं होतं. आणि आता याच गुरुजींचं घर आम्ही विकत घ्यायला निघालो होतो. गुरुजी मुलाकडे पुण्याला जाणार होते. विसार देऊन झाला होता, नारळ फुटला होता, गुरुजींच्या बायकोनं माझी ओटीही भरली होती.

"तसं नाही गुरुजी," मन्मथ म्हणाले. "ती आपलं सहज..."

"सहज नाही," मी म्हणाले. "मी बाजारात वांगं घेताना उलटंपालटं करून बघते. हे घर आहे."

गुरुजी हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "म्हणजे मी किडकं वांगं."

"तुम्ही नाही हो. कागद."

"आण बाई, आण वकील. माझ्याकडं लपवायला काय आहे?" त्यांनी चष्मा परत चढवला. "पण एक सांगतो. या गल्लीत पन्नास वर्षं राहिलो. माझ्यावर आजपर्यंत कुणी वकील घातला नव्हता."

परत येताना मन्मथ सायकल हातात धरून माझ्यापुढं चालत होते. कोपऱ्यावर आल्यावर थांबले. "समाधान झालं का? ज्या माणसाच्या पाया पडतो त्याच्यावर वकील घालायलीस तू."

"घालायले नाही. लावायले."

"वकील भांडणाला लागतो, कला. घराला गवंडी लागतो, सुतार लागतो. वकील कशाला?"

"आपल्याला चार घरांतून काढलं, तेव्हा तुमचे गवंडी-सुतार कुठं होते?"

यावर त्यांनी सायकल पुढं ढकलली, कारण हे खरं होतं. आमचं गाव शिकवण्यांच्या क्लासचं. चारी तालुक्यांतली पोरं डॉक्टर व्हायला येतात आणि आमच्यासारख्या बायांच्या हातचं खाऊन अभ्यास करतात. मी सत्तर डबे करत होते. पहाटेपासून तीन शेगड्या. घरमालकांना भाडं आवडायचं, फोडणीचा खकाणा आवडायचा नाही. कुणी म्हणायचं, सिलिंडर किती ठेवलेत, घर उडवाल. कुणी म्हणायचं, भिंती तेलकट झाल्या. नऊ वर्षांत चार घरं झाली. प्रत्येक वेळी शेगड्या, पातेली, पिठाचे डबे टेम्पोत चढवायचे आणि पोरांना नवीन पत्ता सांगत फिरायचं. गुरुजींच्या घरामागं पत्र्याची लांब पडवी होती, पाण्याचा आड होता आणि मागच्या बोळात उघडणारं वेगळं दार होतं. त्या दारातून सत्तर डबे कुणाच्या डोळ्यांवर न येता गेले असते. ते दार मी पहिल्यांदा उघडून बघितलं तेव्हाच मनात तिथं चूल मांडली होती. म्हणूनच मला वकील पाहिजे होता. ज्या घरातून मला कुणी काढू नये असं वाटत होतं, त्याचा कागद मी डोळे मिटून कसा घेऊ?

रेहाना तांबोळी वकिलीचं शिकत असताना चार वर्षं माझा डबा खायची. आता कोर्टासमोर एका झेरॉक्सवाल्याच्या वर तिचं टेबल होतं. तिनं उतारे मागवले, दोन दिवस बघितले, तिसऱ्या दिवशी मला बोलावलं.

"मावशी, घर मुळात गुरुजींच्या वडिलांच्या नावावर होतं. ते गेल्यावर एकट्या गुरुजींचं नाव लागलंय. गुरुजींना भाऊ-बहीण?"

"भाऊ नाही. एक बहीण आहे, नागरबाई. खेड्यात दिली आहे."

"हयात आहे?"

"चांगली ठणठणीत आहे."

"मग तिचा वाटा आहे यात. नाव नसलं तरी वाटा आहे. उद्या ती किंवा तिची पोरं उभी राहिली, तर तुमची पडवी अर्धी होईल." तिनं एक कागद माझ्यापुढं सरकवला. "एक तर तिनं गुरुजींबरोबर खरेदीखतावर सही करावी. नाहीतर आधी हक्कसोड करून द्यावं, नोंदणी कचेरीत जाऊन. ते झाल्याशिवाय तुम्ही कशावरही सही करायची नाही."

तो हक्कसोडपत्राचा नमुना होता. रेहानानं मला तो ओळ न् ओळ वाचून दाखवला. मी राजीखुशीने, कुणाच्याही दबावाशिवाय, कोणताही मोबदला न घेता, माझा हिस्सा भावाच्या लाभात कायमचा सोडून देत आहे. कायमचा. मला तो शब्द कुठंतरी टोचला, पण कुठं ते कळलं नाही. पोळ्या राहिल्या होत्या, मी उठले.

गुरुजींना हे सांगायला मन्मथ यायला तयार नव्हते. मी एकटीच गेले. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नागरचं काय त्यात? तिचं लग्न मी केलं. तिची तिन्ही बाळंतपणं या घरात झाली. दर दिवाळीला साडी जाते. ती काय वेगळी आहे का?"

"वेगळी नाही, म्हणूनच तिची सही लागतीय."

"करेल की. बोलावली की येते ती. मी सांगेन तिथं करेल."

ते असं म्हणाले आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं. मी सांगेन तिथं करेल, या वाक्यात काही खटकावं असं मला त्या वेळी वाटलं नाही. मला पडवी दिसत होती.

सोमवार ठरला. सकाळी हक्कसोड, दुपारी खरेदीखत. मी पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं की आज एकच वेळचा डबा. रेहाना, मन्मथ आणि मी कचेरीत अकरा वाजता पोचलो तर गुरुजी आणि नागरबाई आधीच येऊन बसले होते. नागरबाई पासष्टीच्या असतील. नवी कोरी साडी, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. गुरुजी ओळखीच्या साक्षीदारांना शोधायला बाहेर गेले आणि बाईंनी बाकावर थाप मारून मला जागा करून दिली.

"तूच का गं ती डबेवाली? दादा म्हणला, लई चिकित्सक बाई हाय. घर घेताना भिंतीचं पण दात मोजायली म्हणं."

"मोजले. दोन पडलेत."

त्या खळखळून हसल्या. "भिंतीचं सांगू नगो, माझं बघ, खालचं सगळंच गेलं. काल वहिनीनं पुरण घातलं म्हणून बरं, भाकरी असती तर उपाशी ऱ्हायले असते." मग साडीच्या पदरावरून हात फिरवला. "दादानं आणली. म्या म्हणलं, आत्ता दिवाळी नाही, दसरा नाही, साडी कशाची रं? तर म्हणला, घे, माहेरी आलीस. लई जीव हाय त्याचा."

"हो," मी म्हणाले.

"आन् हे बघ, एवढ्या दुरून बोलावलं कशाला, तर मीटर! बापाच्या नावानं अजून लाईटचं बिल येतंय. बापाला जाऊन वीस वर्षं झाली. मेलेल्या माणसाला बिल लावायलेत, सरकारला काय लाज! तर ते दादाच्या नावावर करायचंय, त्याला लेकीची सही लागती म्हणं."

मी त्यांच्या साडीच्या न मोडलेल्या घडीकडं बघत राहिले.

त्यांना वाटलं मला कळलं नाही. "मीटर गं. मीटरचा कागद."

साहेब, माझ्या भावांनी मला पिकविम्याचा कागद म्हणून सांगितलं होतं. माझा बाप गेला त्याच्या पुढच्या वर्षी. दोघं भाऊ मोटारसायकलवर न्यायला आले, भावजयीनं पोळ्या केल्या, हिरवी इरकल साडी नेसवली, आणि तालुक्याच्या अशाच एका कचेरीत असल्याच एका बाकावर मला बसवलं. एका मशीनवर अंगठा ठेवला, एका कॅमेऱ्याकडं बघितलं. विम्याला फोटो कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. साडी कशाची हेही विचारलं नाही. इतकी वर्षं विचारलं नाही. ती साडी विरेपर्यंत नेसले. रेहानानं वाचून दाखवलेला 'कायमचा' मला कुठं टोचला होता, ते मला नागरबाईंच्या शेजारी बसून कळलं.

मी उठले आणि दारात उभ्या असलेल्या रेहानाला बाजूला घेतलं.

"तिला माहीतच नाही. लाईटचं मीटर म्हणून आणलंय."

रेहानानं बाकाकडं बघितलं. नागरबाई पदराची घडी बोटांनी सपाट करत होत्या. रेहाना हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मी तुमची वकील आहे. त्यांची नाही. त्यांनी सही केली, अंगठा दिला, की तुमचं घर पक्कं. आणि तुम्ही त्यांना सांगितलं तर व्यवहार मोडू शकतो. हे तुम्हाला स्पष्ट सांगणं माझं काम आहे."

"म्हणजे सांगू नको म्हणतेस?"

"तसं मी म्हणाले नाही." तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. "तिथं साहेब आहेत. दस्त मान्य आहे का, हे विचारणं त्यांचं काम आहे."

मला हे एकदम पटलं. मी ते का पटवून घेतलं हे आता कळतं. मला बोलायचं नव्हतं. साहेब विचारतील, बाई म्हणतील मीटरचा कागद, साहेब म्हणतील मीटर कसलं, हे हक्कसोड आहे, आणि सगळं माझ्या तोंडून न जाता उघड होईल. मी हात बांधून तुमच्यावर भरवसा ठेवून उभी राहिले. घर माझं, वाटा तिचा, आणि दोन्हींची राखण तुमच्याकडं.

नंबर पुकारला. गुरुजींनी बहिणीला दंडाला धरून टेबलाशी आणलं. तुम्ही खाली बघत होता. कागद उलटा करून तिच्यापुढं धरला.

"ही सही तुमचीच ना?"

"व्हय. दादानं शिकवलीय मला सही." त्या अभिमानानं म्हणाल्या.

"अंगठा ठेवा."

एवढंच. साहेब, एवढंच विचारलंत. मी मोजलं नाही, पण फोडणीत मोहरी तडतडायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

"साहेब," मी म्हणाले, "कागद कशाचा आहे ते विचारा त्यांना."

तुम्ही पहिल्यांदा वर बघितलं. "तुम्ही कोण?"

"घर घेणारी."

"मग तुमच्याच फायद्याचं चाललंय की!" शेजारचा कारकून हसला, मागं रांगेतलेही दोघं-तिघं हसले. "बसा गप्प बाकावर. हं आजी, अंगठा."

मन्मथ माझा हात ओढत होते. गुरुजी माझ्याकडं बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, विनंती होती. चौथीतल्या पोरानं मास्तरांकडं बघावं तसं तो माणूस माझ्याकडं बघत होता.

"आत्या," मी म्हणाले, "हा मीटरचा कागद नाही. बापाच्या घरातला तुमचा वाटा सोडल्याचा आहे. ते घर विकायलेत. मी घ्यायले."

नागरबाईंचा अंगठा मशीनच्या वर होता. तो तिथंच राहिला. मग त्यांनी तो हळूच मागं घेतला आणि पदराला पुसला, काही लागलेलं नसताना.

"दादा?"

"नागर, घरी जाऊन बोलू."

"घरी बोलायचं होतं तर हितं का आणलास?"

गुरुजींनी चष्मा काढला. सगळ्या गावाला शिकवलेला माणूस काचा पुसत राहिला.

"पुढचा नंबर," तुम्ही म्हणालात.

बाहेर लिंबाखाली नागरबाई दगडावर टेकल्या. मी पाण्याची बाटली दिली. मला वाटलं होतं, त्या माझा हात धरतील, काही बरं बोलतील. त्या पाणी प्यायल्या आणि बाटली परत केली.

"तुझं घर गेलं की गं."

"गेलं."

"मला सांगून तुला काय मिळालं?"

"काही नाही."

"मला तर काय मिळालं?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मला वाटा नको होता. त्यानं विचारलं असतं ना, नागर, सोडतीस का, तर उभ्या उभ्या सोडला असता. त्याच्या पोरांना नाही तर कुणाला? पण त्यानं विचारलं नाही. आन् विचारलं नाही हे तू मला सांगितलंस. आता त्याच्या घरचं पुरण माझ्या घशाखाली कसं उतरावं, सांग."

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून स्वतःला उचललं आणि एकट्याच स्टँडच्या रस्त्याला लागल्या. गुरुजी दहा पावलं मागून चालत गेले. नागरबाईंनी मागं वळून बघितलं नाही, पण चालही वाढवली नाही.

विसार दुसऱ्याच दिवशी परत आला. गुरुजींनी पाकिटावर मन्मथचं पूर्ण नाव लिहिलं होतं, बापाच्या नावासकट, शाळेच्या हजेरीपुस्तकात लिहितात तसं. मन्मथ ते पाकीट हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी पीठ चाळता चाळता म्हणाले, "वकील बरी होती तुझी. तूच जास्त झालीस."

"हो," मी म्हणाले.

"अंगठा झाला असता. मग सांगायचं होतं."

"मग सांगून काय उपयोग होता?"

"घर तरी असतं," ते म्हणाले, आणि चाळणी झटकून, "बरं, राहू दे. कणीक किती भिजवू?"

अजूनही आम्ही भाड्यानंच राहतो. हे सातवं घर. डबे आता चाळीसच करते, गुडघे बोलायला लागलेत. रेहानानं मला माझ्याही कागदाची नक्कल काढून दिली. हक्कसोडच होतं. मागच्या पानावर माझा फोटो आहे, इरकल साडीतला, मी हसतीय. खाली तुमच्यासारख्याच एका साहेबाची सही आहे की या बाईनं कबुली दिली. भावांशी जे बोलायचं ते मी भावांशी बोलले, ते इथं लिहीत नाही.

इथं लिहायचं ते वेगळंच आहे. त्या सोमवारनंतर अडीच महिन्यांनी गुरुजींचं घर एका भांड्यांच्या व्यापाऱ्याला विकलं गेलं. तुमच्याच कचेरीत. त्याच्या आदल्या दिवशीचं हक्कसोडही नोंदलेलं आहे. सही नागरबाईंची, अंगठा नागरबाईंचा. मी नक्कल काढून बघितली. फोटोत त्या सरळ समोर बघतायत, हसत नाहीत, साडी जुनी आहे. यावरून काय समजायचं ते मला समजलं नाही. भावानं जाऊन पाया धरले असतील, खरं सांगितलं असेल, आणि त्या म्हणाल्या तशा त्यांनी उभ्या उभ्या सोडलं असेल. किंवा दुसरं काही सांगितलं असेल. नाहीतर बाई थकल्या असतील.

त्यांच्या गावाला जाऊन विचारायचं मी वर्षभर ठरवत राहिले. मला भीती वाटत होती. पुढच्या दिवाळीच्या आत त्या गेल्या. गुरुजी पुण्याहून कधी आले तर मला बघून रस्ता ओलांडतात, त्यांना विचारायची सोय नाही. व्यापारी म्हणतो, मला कागद चोख मिळाला, बाकी मला ठाऊक नाही. त्याचं खोटं नाही. कागद चोखच आहे.

आता उरलात तुम्ही. ते दुसरं हक्कसोड झालं त्या दिवशी टेबलाशी मी नव्हते, मध्ये बोलणारं कुणी नव्हतं. कागद तुमच्या हातात होता आणि म्हातारी तुमच्या समोर उभी होती. मला तुमची बदली नको, चौकशी नको, माफी तर मुळीच नको. मला एवढंच कळू द्या: अंगठा ठेवायच्या आधी, हा कागद कशाचा आहे, हे तुम्ही नागरबाईंना विचारलंत का? आणि विचारलं असेल, तर त्या काय म्हणाल्या?